खालून करपतं, वरून कच्चं राहतं: बिडाच्या डच ओव्हनचं नेहमीचं दुखणं

झाकण उचलावं तर वरचा थर ओला, सुरी घातली तर पीठ चिकटून येतं, आणि करपल्याचा वास मात्र कधीचाच सुटलेला. बिडाचा डच ओव्हन, म्हणजे घट्ट झाकणाचं जाड भांडं, घेतलेल्या बहुतेकांची तक्रार फिरून फिरून इथेच येते. तळ करपतो म्हणून विस्तव कमी करावा, तर वरचं आणखी कच्चं राहतं. वरचं शिजावं म्हणून जास्त वेळ ठेवावं, तर खाली कोळसा होतो. मग आधी कृतीला दोष दिला जातो, नंतर भांड्याला, आणि शेवटी घासून-पुसून पुन्हा तेल मुरवायचा खटाटोप सुरू होतो. बहुतेक वेळा यांतल्या कशातच बिघाड नसतो. विस्तव जिथे हवा तिथे नसतो, एवढंच.

कँपचा डच ओव्हन नीट न्याहाळा. तीन पाय असतात, म्हणजे खाली निखारे सरकवायला जागा राहते. झाकण सपाट असतं आणि त्याला उभा काठ असतो, म्हणजे वर निखारे ठेवता येतात आणि झाकण उचलताना राख आत पडत नाही. आपल्याकडेही ही रीत जुनीच. पाठारे प्रभूंचं भानोलं, कोकणातली तवसळी, गोव्याची बेबिंका हे सगळं ओव्हन घरात यायच्या आधीपासून वरच्या विस्तवावर भाजलं जात आलं आहे. बेबिंकाचा तर प्रत्येक थर वरच्या आचेनेच रंगतो. हे पदार्थ केलेल्या घरातल्या आजीला डच ओव्हनबद्दल फारसं काही शिकवावं लागत नाही.

वर जास्त विस्तव का लागतो, हे एकदा समजून घेतलं की अर्धं काम झालं. खालच्या निखाऱ्यांची धग थेट तळाच्या लोखंडाला लागते, आणि त्या लोखंडाला पदार्थ चिकटून बसलेला असतो. मध्ये काही नाही. झाकणावरच्या निखाऱ्यांची बरीचशी उष्णता मात्र वर हवेत निघून जाते. उरलेली झाकण तापवते, आणि तापलेलं झाकण मधल्या पोकळीतून पदार्थाच्या पृष्ठभागाला धग देतं. त्यामुळे वर-खाली सारखे निखारे ठेवले तर तळाला कितीतरी जास्त आच लागते. भाजायचा पदार्थ असेल तर वर दोन भाग आणि खाली एक भाग, हे किमान प्रमाण धरा. मांस किंवा कोंबडी भाजायची तर दोन्हीकडे साधारण सारखे चालतात. रस्सा, आमटी, उसळ यांना जास्त विस्तव खालीच हवा. आणि तळणाला सगळाच्या सगळा खाली.

करपलेला तळ वाचा

करपलेलं खरवडून टाकण्याआधी ते नीट पाहा. डाग कुठे आणि कोणत्या आकाराचा पडला, यावरून कारण कळतं.

मधोमध काळा गोल असेल तर निखारे मध्यभागी गोळा झालेले होते. शेगडीवर असा डाग पडला तर बर्नर भांड्याच्या मानाने लहान आहे. कडेने काळं कडं उमटलं असेल तर कँपवर निखारे एकमेकांना लागून, दाटीने मांडलेले असतात. गॅसवर तेच कडं ज्योतीच्या वर्तुळाएवढं असतं, म्हणजे आच मोठी होती. एकाच बाजूला अर्धचंद्र करपला असेल तर वारा लागला, किंवा भांडं कललेलं होतं आणि सगळं तेल एका बाजूला गेलं. ओटीजीमध्ये, म्हणजे विजेच्या छोट्या ओव्हनमध्ये, ठेवलेल्या पावाच्या बुडाला दोन समांतर पट्टे दिसले तर ते खालच्या सळ्यांचे ठसे आहेत. तळ सगळीकडून सारखाच काळा असेल तर एकूण आच जास्त झाली किंवा पदार्थात गूळ-साखर भरपूर आहे. आणि फक्त ठिपके ठिपके असतील तर मसाला, कांदा किंवा डाळ खाली बसून जळली आहे. तिथे विस्तवाचं गणित बरोबर आहे, ढवळणं कमी पडलं.

डाग ओळखता येत नसेल तर पावाच्या स्लाइसची चाचणी करा. रिकाम्या, कोरड्या भांड्याच्या तळाशी स्लाइस लागून लागून पसरा. मध्ये कुकरच्या तळाची जाळी ठेवून तिच्यावर आणखी एक स्लाइस ठेवा. नेहमीसारखे निखारे लावून, झाकण घालून सात-आठ मिनिटं थांबा. खालच्या स्लाइसवर तुमच्या विस्तवाचा नकाशा उमटतो, आणि जाळीवरच्या स्लाइसची वरची बाजू रंगली की नाही यावरून झाकण किती काम करतं ते समजतं. पावाच्या चार स्लाइसमधून जे कळतं, ते चार केक जाळूनही कळत नाही. गॅसवर हीच चाचणी तळावर मैदा भुरभुरवून होते. जिथे मैदा आधी तपकिरी होतो, तिथेच तुमचा पदार्थ करपतो.

निखारे किती, आणि कसे

सारख्या आकाराच्या ब्रिकेट, म्हणजे कोळशाच्या भुकटीच्या दाबून केलेल्या वड्या, मिळत असतील तर हिशेब सोपा आहे. अमेरिकेत कँपिंगला जाणाऱ्या मराठी मंडळींना त्या सहज मिळतात. भांड्याचा व्यास इंचांत मोजा आणि त्याच्या दुप्पट ब्रिकेट घ्या. १२ इंची भांड्याला २४. त्यांतल्या १६ वर, ८ खाली. १० इंचीला २०, म्हणजे वर १३-१४ आणि खाली ६-७. यातून आत साधारण १७५ अंश सेल्सिअस तापमान मिळतं. केक, पाव, भानोलं, सगळ्यांना हे चालतं. आणखी आच हवी असेल तर वर एक आणि खाली एक अशी जोडी वाढवा. एका जोडीमागे तापमान सुमारे १४ अंशांनी चढतं. नुसत्या खालच्या ब्रिकेट वाढवू नका. घाई झाली की हात आपोआप तिकडेच जातो.

महाराष्ट्रात मात्र हातात येतो तो लाकडी कोळसा. एक तुकडा मुठीएवढा, दुसरा सुपारीएवढा. इथे मोजणीवर विसंबू नका, असं माझं ठाम मत आहे. कडं करून मांडा. भांड्याखाली, तळाच्या परिघाच्या किंचित आत, निखाऱ्यांचं एकच कडं. मध्यभागी एकही नाही, आणि दोन निखाऱ्यांमध्ये थोडी फट. झाकणावर काठाला लागून एक पूर्ण कडं, त्याच्या आत दुसरं, आणि मुठीजवळ दोन-तीन निखारे. मोठे तुकडे आधी फोडून साधारण अक्रोडाएवढे करून घ्या. लाकडी कोळसा ब्रिकेटपेक्षा तेज पेटतो आणि लवकर राख होतो, म्हणून शेजारी वेगळी शेगडी पेटती ठेवून अर्ध्या तासाने वर नवे निखारे घालावे लागतात. नारळाच्या करवंटीच्या कोळशाच्या वड्या मिळाल्या तर जरूर घ्या. त्या जास्त वेळ आणि एकसारख्या जळतात. मात्र त्यांची आच चांगली कडक असते, म्हणून खालच्या दोन कमीच ठेवा.

कोळसा वरून राखाडी होईपर्यंत भांड्याला लावायचा नाही. अर्धवट पेटलेला कोळसा आधी धूर देतो आणि पदार्थ आत गेल्यावर दहा मिनिटांनी भडकतो. आणि पेटत्या लाकडांवर तर भांडं ठेवूच नका. ज्वाळेवर ताबा राहत नाही. लाकडं जळून निखारे होऊ द्या, मग ते फावड्याने बाजूला ओढून त्यांच्यावर काम करा.

जमिनीकडेही लक्ष हवं. पावसाळा नुकताच संपलेला असेल किंवा थंडीत दव पडलेलं असेल, तर ओली जमीन खालच्या निखाऱ्यांची धग शोषून घेते, आणि मग लोक खाली आणखी निखारे घालतात. जमीन सुकली की तेच निखारे जास्त होतात. पत्र्याचा जाड ट्रे किंवा जुनी लोखंडी पाटी खाली ठेवली की रोज एकसारखा अंदाज येतो. नदीतले गोटे मात्र विस्तवाजवळ नको. आत पाणी मुरलेलं असेल तर ते तापून फुटतात. सह्याद्रीच्या पठारावर वारा एका बाजूने अखंड वाहतो. तिथे आडोसा केल्याशिवाय कुठलंच गणित टिकत नाही. आडोसा असला तरी दर दहा-पंधरा मिनिटांनी भांडं पाव फेरा एका दिशेला आणि झाकण पाव फेरा उलट दिशेला फिरवा. एकच तेज निखारा एकाच जागी राहिला की तिथे डाग पडतो. फिरवत राहिलं की तो डाग पडत नाही.

अभयारण्यांत आणि राखीव जंगलांत आग पेटवायला कायद्याने बंदी आहे, आणि अमेरिकेतही कोरड्या उन्हाळ्यात अनेक ठिकाणी कोळशावर बंदी लागते. निघण्यापूर्वी चौकशी करा. आणि थंडी कितीही असो, निखारे तंबूत नेऊ नका. कोळशाचा कार्बन मोनॉक्साइड वासावरून कळत नाही आणि माणूस झोपेतच दगावतो.

शेवटची दहा मिनिटं

बहुतेक पदार्थ करपतात ते शेवटच्या टप्प्यात. पीठ ओलं असेपर्यंत त्यातलं पाणी तापमान शंभराच्या आसपास धरून ठेवतं. तळाचा थर एकदा सुकला की ही मर्यादा संपते आणि तिथलं तापमान झपाट्याने चढतं. त्यात बिडाचं भांडं जाड. १२ इंची कँप ओव्हन आठ-नऊ किलोंचा असतो. त्याने साठवलेली धग निखारे काढल्यावरही बराच वेळ पदार्थाला लागत राहते. म्हणून नियम असा ठेवा: एकूण वेळेच्या तीन भागांपैकी दोन झाले आणि एक उरला, की खालचे निखारे सगळे काढायचे. पाऊण तासाचा पदार्थ असेल तर अर्ध्या तासाला. काढलेले निखारे झाकणावर ठेवा. उरलेलं काम वरची आच आणि तळाची साठलेली धग मिळून करतात. एवढी एकच सवय लावून घेतलीत तरी तुमची निम्म्याहून जास्त तक्रार मिटेल.

तवसळी या सगळ्याची चांगली परीक्षा घेते, कारण तिच्यात गूळ आहे आणि गूळ साखरेपेक्षाही लवकर रंग धरतो. दोन वाट्या तांदळाचा जाडसर रवा थोड्या तुपावर भाजून घ्या. जून काकडीचा चार वाट्या कीस त्याच्या पाण्यासकट, दीड वाटी गूळ, अर्धी वाटी ओलं खोबरं, चिमूटभर मीठ आणि हळद एकत्र करून गूळ विरघळेपर्यंत गरम करा. त्यात रवा घालून मिश्रण सैलसर असतानाच उतरवा आणि अर्धा तास मुरू द्या. १० इंची भांड्याला तूप लावून तळाशी केळीचं पान घाला, पान नसेल तर बेकिंगचा कागद. मिश्रण ओता. वर १४ ब्रिकेट, खाली ६. पंचवीस-तीस मिनिटांनी खालचे सहाही काढा. वरची कड सुटून लालसर झाली आणि सुरी कोरडी आली की झाली. गरम असताना कापू नका, तुकडे पडतात.

यात एक उपप्रश्न नेहमी येतो: वरून रंगच येत नाही. तेव्हा भांड्याची खोली बघा. खोल १२ इंची ओव्हन सुमारे पाच इंच खोल असतो. त्यात दोन बोटं जाडीचा केक केला तर झाकण त्याच्यापासून फार लांब राहतं. भाजण्यासाठी उथळ, पावणेचार इंचाच्या आसपासचं भांडं जास्त सोयीचं. खोलच असेल तर कुकरची जाळी ठेवून तिच्यावर केकचा डबा ठेवा. पदार्थ झाकणाजवळ जातो आणि तळाच्या लोखंडापासून सुटतो, दोन्ही फायदे एकदम. आणि उघडून बघायचा मोह आवरा. झाकण जितके वेळा उचलाल तितके वेळा वरची धग निघून जाते आणि खालची तशीच राहते.

घरी, शेगडीवर

पायांचं भांडं गॅसवर नीट बसत नाही. घरासाठी सपाट बुडाचंच हवं. इथे अडचण वेगळी आहे. बीड उष्णता चांगली धरून ठेवतं, पण पसरवतं मात्र हळू. त्याची उष्णता वाहून नेण्याची क्षमता ॲल्युमिनियमच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याइतकीच. मोठ्या आचेवर ठेवलं की ज्योतीपुरतं लोखंड तापतं आणि बाकीचं गारच असतं. बारीक आचेवर आठ-दहा मिनिटं तापू द्या, मग फोडणी करा. फोडणी झाल्यावरही आच मध्यमच्या वर न्यायची फारशी गरज पडत नाही. तेल तापल्यावर धुराची वाट पाहणारे हात बिडावर आवरावे लागतात, कारण धूर दिसल्यावर गॅस बारीक केला तरी भांडं पुढची काही मिनिटं तितकंच तापलेलं असतं.

बिर्याणी, मसालेभात, मंद शिजणारं मटण यांच्यासाठी भांड्याखाली जाड तवा ठेवा. दम देताना आपण हेच करतो, आणि बिडालाही ते तितकंच लागू पडतं. इंडक्शनवर बीड उत्तम चालतं, पण आतल्या तारेच्या गुंडाळीएवढाच भाग तापतो, म्हणून तिथेही सुरुवात सर्वांत खालच्या आकड्यापासून करावी. इनॅमलचा थर असलेलं भांडं गॅसवर किंवा इंडक्शनवर रिकामं तापवू नका, तो थर तडकू शकतो.

गॅसवर वरून रंग येणार नाही, हे स्वीकारलेलंच बरं. रंग हवा असेल तर ओव्हन. पाव भाजताना भांडं २३० अंशांवर अर्धा तास आधी तापवतात. मोठ्या ओव्हनमध्ये ते ठीक आहे. छोट्या ओटीजीत मात्र खालची सळी भांड्याच्या बुडाला जवळजवळ चिकटते आणि पावाचं बूड दगडासारखं होतं. खालच्या खाचेत रिकामा ट्रे सरकवा, म्हणजे सळीची थेट धग अडते. वर-खाली दोन्ही सळ्या चालू ठेवा. कणकेखाली कागद आणि कागदाखाली मूठभर जाड रवा पसरा. झाकण झाकून तीस मिनिटं, मग झाकण काढून पंधरा-वीस. तरीही बूड काळं येत असेल तर रिकामं भांडं कमी वेळ तापवून पाहा. माझ्या अनुभवात छोट्या ओटीजीला पंधरा मिनिटं पुरतात. इनॅमलच्या भांड्याच्या झाकणाला काळी, प्लॅस्टिकसारखी मूठ असेल तर ती किती तापमान सोसते ते आधी तपासा.

चिकटतं आणि मग करपतं

आच बरोबर असूनही पदार्थ एकाच जागी धरत असेल तर तिथला तेलाचा थर गेलेला आहे. टोमॅटो, चिंच, कोकम, ताक यांत भांडं तासभर उकळलं की तो पातळ होतो, पदार्थाला लोखंडाची चव येते आणि रंगही काळपट होतो. सोलकढी, ताकाची कढी, चिंचेची आमटी यांच्यासाठी स्टीलचं पातेलं किंवा इनॅमलचं भांडं वापरा. रश्श्यात शेवटी एखादा टोमॅटो घालायला मात्र हरकत नाही.

थर दुरुस्त करायला फार काही लागत नाही. भांडं घासून, पूर्ण सुकवून, शेंगदाण्याचं किंवा सूर्यफुलाचं तेल लावा आणि मग ते इतकं पुसून काढा की लावलंच नाही असं वाटावं. उलटं करून २३० अंशांवर तासभर. तेल जाड राहिलं तर थर चिकट होतो, आणि चिकट थरावर सगळंच धरतं. जवसाच्या तेलाची शिफारस बरेच जण करतात. थर कडक आणि देखणा येतो खरा, पण त्याचे पापुद्रे सुटायची तक्रारही तितकीच, म्हणून मी ते सुचवत नाही.

आत्ता, या क्षणी करपलं असेल तर

ढवळू नका. भांडं विस्तवावरून उतरवा, वरचा चांगला भाग तळाला न लागता डावाने दुसऱ्या भांड्यात काढा आणि तिथे शिजवणं पुरं करा. खरवडलं तर करपलेली चव सगळीकडे पसरते आणि मग ती कुठल्याच मसाल्याने झाकली जात नाही. केक किंवा तवसळी असेल तर पूर्ण निवू द्या, खालची पापडी सुरीने सपाट कापून टाका.

तापलेल्या भांड्यात गार पाणी कधीही ओतू नका. बीड ठिसूळ असतं, तडा गेला की भांडं संपलं. कोमट झाल्यावर गरम पाणी घालून पाच-दहा मिनिटं उकळा, लाकडी उलथन्याने खरकटं सोडवा, हट्टी डागाला जाड मीठ लावून घासा. साबणाचे दोन थेंब चालतात, रात्रभर भिजत ठेवणं चालत नाही. मग विस्तवावर किंवा गॅसवर कोरडं होईपर्यंत तापवा आणि तेलाचं बोट फिरवा. पावसाळ्यात ठेवून द्यायचं असेल तर झाकण आणि भांडं यांच्यामध्ये वर्तमानपत्राची घडी घाला, म्हणजे हवा खेळती राहते आणि आत गंज धरत नाही.